दूध, बांगडा आणि नातवाची पांढरी बट

प्रश्न : माझं वय ६४. आम्ही कराडजवळ राहतो. पाच महिन्यांपूर्वी नातू झाला. बाळ गुटगुटीत आहे, नशिबानं गोरंही आहे. पण कपाळाच्या मधोमध केसांची एक बट जन्मापासून पांढरी आणि तिच्याखाली कपाळावर पांढरा डाग. दोन्ही नडग्यांवरही पांढरे पट्टे आहेत. आमच्या घराण्यात कोड कुणालाही नाही. माझ्या सासऱ्यांची बट पांढरी होती, पण ती घराण्याची खूण म्हणून गावात ओळखली जायची. आमच्या ह्यांच्या नडगीवर आणि मुलाच्या पोटावर पांढरी जन्मखूण आहे, तेवढंच. सून मालवणकडची. सातव्या महिन्यात माहेरी गेली तेव्हा दुपारी बांगड्याचं तिखलं खाल्लं आणि रात्री दूध प्यायली, हे तिनंच सांगितलं. मासे आणि दुधानं कोड फुटतं हे लहान पोरही सांगेल. ओळखीतल्या एकांनी बावचीचं तेल दिलंय. ते लावून बाळाला कोवळ्या उन्हात धरते, कपाळ जरा लाल होतं. यावरून बोलाचाली झाली. सून आता माझ्याशी बोलत नाही, माहेरी जायचं म्हणते. मुलगा सांगतो की यावर माशांवर प्रयोग चालू आहेत, औषध येईल. खरं का? पुढच्या महिन्यात जावळ काढायचंय. बट काढली तर नवे केस काळे येतील का? – एक आजी

उत्तर : ताई, नमस्कार.

तुम्ही माझ्याहून थोड्या मोठ्या, म्हणून ताई. सगळ्याची उत्तरं देते, पण आधी उठा आणि ती बावचीच्या तेलाची बाटली फेकून द्या. बावचीच्या बियांत सोरालेन जातीची द्रव्यं असतात. ती कातडीत मुरली की साधं ऊनही कातडी भाजून काढतं. मोठ्या माणसाच्या कोडावर आम्ही त्वचेचे डॉक्टर हाच गुण वापरतो, पण औषध मोजून आणि प्रकाशही मोजून. तुमच्याकडे पाच महिन्यांचं बाळ, त्यात रंग नसलेली कातडी, आणि वर अंदाजानं ऊन. ती लाली तेल लागू पडल्याची नाही, कातडी भाजायला लागल्याची आहे. फोड आले असतील तर उरलेलं उत्तर नंतर वाचा, आधी बाळाला डॉक्टरांकडे न्या.

आता बाकीचं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सुनेचा बांगडाच डोळ्यांत भरला. दुसऱ्यांदा मधली ती वाक्यं दिसली, जी तुम्ही जाता जाता लिहून गेलात. सासऱ्यांची बट, यजमानांची नडगी, मुलाचं पोट. घराण्यात काही नाही असं सांगता सांगता तुम्ही चार पिढ्यांची वंशावळ काढून दिलीत की! दवाखान्यात एवढी माहिती काढायला मला अर्धा तास लागतो, आणि तरी पेशंटची आत्या दारातून परत येऊन म्हणते, "डॉक्टर, एक सांगायचं राहिलं."

पत्रावरून निदान करू नये, हे मला कळतं. बाळाला त्वचारोगतज्ज्ञांनी प्रत्यक्ष बघायला हवं. पण जन्मापासूनची पांढरी बट, तिच्याखाली डाग, हातापायांच्या मधल्या भागावर पट्टे, आणि बापाकडून आलेली सरळ ओळ, असं सगळं जुळून आलं की माझ्या डोक्यात एकच नाव येतं : पायबाल्डिझम. इंग्रजीत अबलख घोड्याला जो शब्द आहे, त्यावरूनच हे नाव पडलं. घोड्यांच्या अंगावरच्या पांढऱ्या खुणांच्या कित्येक प्रकारांत जे जनुक बदललेलं असतं, तेच माणसाच्या या बटेमागे असतं. कपाळावर चांद असलेल्या खोंडाला कोणी कोड झालं म्हणत नाही. नातवालाही म्हणू नका.

कोड वेगळं. फरक असा समजा. घर रंगवायचंय. कोडात रंगारी येतो, भिंती नीट रंगवतो, आणि मग काही वर्षांनी घरचाच राखणदार त्याला चोर समजून झोडपतो. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते. म्हणून कोड बहुधा जन्मानंतर कधीतरी सुरू होतं, पसरतं, थांबतं, कधी भरूनही येतं. दुसरा प्रकार म्हणजे आपण ज्याला सूर्यमुखी म्हणतो, इंग्रजीत अल्बिनो, तो. तिथं रंगारी वेळेवर हजर असतो, पण डब्यात रंगच नसतो. तुमच्या नातवाच्या कपाळापर्यंत रंगारी पोहोचलाच नाही. जिथं नाही पोहोचला तिथं नाही, आणि जिथं पोहोचला तिथलं काम पक्कं. असे डाग पसरत नाहीत. बाळ वाढेल तसे अंगाच्या मापानं वाढतील, एवढंच. कधी कधी पांढऱ्या डागाच्या आत गव्हाळ रंगाची छोटी बेटंही असतात. नडगीवर बघा, दिसतील कदाचित.

दूध आणि माशांबद्दल मी वाद घालणार नाही, फक्त तारखा जुळवून दाखवते. जनुकाचा बदल गर्भ राहिला त्याच क्षणी ठरलेला असतो. रंगपेशींचा प्रवास पहिल्या तीन महिन्यांत होतो. सुनेनं तिखलं खाल्लं सातव्या महिन्यात. म्हणजे बांगडा ताटात आला तेव्हा रंगकाम उरकून महिने लोटले होते. शिवाय दुधात माशाचं सूप करणारे देश जगात आहेत. तिथं घरोघरी कोड फुटल्याचं काही दिसत नाही. आणि तिनं काय खाल्लं ते तिनंच तुम्हाला मोकळेपणानं सांगितलं. तेच तिच्यावर उलटवलंत, हे मला जरा लागलं.

आता तुमच्या मुलाचे मासे. मुलगा अर्धं खरं सांगतोय, आणि ते अर्धं ऐकण्यासारखं आहे.

त्या माशाचं नाव झेब्राफिश. विलायती वाटतं, पण आहे आपल्याच उपखंडातला. गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत, भातखाचरांच्या पाण्यात राहणारा, बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळसर-काळ्या आडव्या रेघा. फ्रान्सिस हॅमिल्टन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरनं १८२२ साली गंगेच्या माशांवर पुस्तक काढलं, त्यात त्याची नोंद आहे. पुढं तो शोभेच्या माशांच्या दुकानांतून जगभर गेला, आणि अमेरिकेत ऑरेगनमध्ये जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणलं. त्यांचा गाजलेला लेख १९८१ चा. आज मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच माशाच्या कातडीवर काम चालतं.

मी या माशाचं अंडं पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तेव्हा प्रॅक्टिसला पंधरा वर्षं झाली होती. खसखशीच्या दाण्याएवढं, काचेसारखं आरपार. आईच्या पोटात नाही, बशीतल्या पाण्यात वाढणारं. म्हणून सगळं समोर दिसतं. एका दिवसाचा जीव : हृदय थडथडतंय, शेपूट मधूनच झटका देते, आणि पाठीच्या रेषेजवळ, डोळ्यामागं, दोन-चार काळे कण. दुपारी परत डोकावलं तर कण वाढलेले, खाली सरकलेले. जवळून पाहिलं तर प्रत्येक कण म्हणजे फांद्या फुटलेली चांदणी. दुसऱ्या दिवशी अंगावर रांगा लागलेल्या. मी आयुष्यभर ज्या पेशींचे डाग बघत आले, त्यांना चालताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. चहा थंड झाला, तो कोणी तरी नंतर उचलून नेला.

माणसातही हेच होतं, फक्त पोटाआड होतं म्हणून दिसत नाही. रंगपेशी पाठीच्या कण्याच्या रेषेवर जन्मतात आणि तिथून दोन्ही बाजूंनी पुढं येतात. पाठ जवळ, म्हणून तिथं त्या आधी पोहोचतात. सर्वांत लांबची मुक्कामं कोणती? कपाळाचा मध्य, छाती-पोटाची पुढची बाजू, हातापायांचा मधला भाग. नातवाचं कपाळ, यजमानांची नडगी, मुलाचं पोट. बघा जुळतंय का.

या माशांत 'स्पार्स' नावाचा एक वाण आहे. स्पार्स म्हणजे विरळ. त्याच्या अंगावर काळे ठिपके कमी पडतात, पडतात ते नीट पसरत नाहीत, आणि पुढं मरून जातात. १९९९ साली सापडलं की या माशात 'किट' हे जनुक बिघडलेलं आहे. माणसातल्या पांढऱ्या बटेमागे हेच जनुक असतं हे त्याआधी, १९९१ सालीच कळलं होतं. मग माशानं नवं काय दिलं? डॉक्टरला फक्त शेवट दिसतो : डाग. माशानं मधला सगळा प्रवास दाखवला, पेशी कुठं जन्मल्या, कुठं अडल्या, कधी मेल्या. उंदरात किट बिघडलं तर रक्तावरही परिणाम होतो, या माशाचं रक्त मात्र ठीक राहतं. माणसातही पायबाल्डिझममध्ये सहसा रक्ताची तक्रार नसते, तेव्हा कोणी भीती घालून भाराभर रक्ततपासण्या लिहून दिल्या तर का म्हणून विचारा.

किट म्हणजे रंगपेशीच्या अंगावरचा कान म्हणा. भोवतालची कातडी हाक मारते, "जग, वाढ, इकडं ये," आणि ती हाक या कानानं ऐकू येते. गंमत अशी की हे कान जोडीनं काम करतात, बैलजोडीसारखे. प्रत्येकाकडे किटच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. एक प्रत बिघडली तर निम्मे बैल बसके निघतात, आणि चांगला बैलही बसक्यासोबत जुंपला गेला की गाडी थांबते. म्हणून एकाच पालकाकडून आलेला बदलही पुरेसा होतो. तुमच्या घरात हा बदल एका बाजूनं पिढ्यान्पिढ्या चालत आलाय. बाजू कोणती, ते मी पुन्हा लिहीत नाही.

वर्षानुवर्षं आम्ही शिकत आणि शिकवत आलो की या पेशी चालायलाच कमी पडतात, म्हणून पुढची बाजू कोरी राहते. २०१६ मध्ये एडिंबरा आणि बाथच्या संशोधकांनी उंदरांच्या कातडीत या पेशी एकेक करून मोजल्या. चालण्यात त्या मागं नव्हत्याच. त्यांची संख्याच पुरेशी वाढत नव्हती. वऱ्हाड वेळेवर निघालं, पण माणसंच कमी, मग शेवटच्या पंगती रिकाम्या. मला स्वतःला हे स्पष्टीकरण जुन्यापेक्षा जास्त पटतं. पण विद्यार्थ्यांना इतकी वर्षं दुसरंच सांगितलं, याची थोडी लाज आहे.

तुमच्या पत्रात न विचारलेली पण या सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आता सांगते. बाळाच्या कानांची तपासणी झाली का?

पांढरी बट दुसऱ्या एका कारणानंही येते. त्याला वार्डनबर्ग सिंड्रोम म्हणतात, नेदरलँड्सच्या एका नेत्रतज्ज्ञांच्या नावावरून. त्यात बटेबरोबर ऐकू कमी येऊ शकतं, डोळे फिकट निळे किंवा दोन रंगांचे असू शकतात, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांत अंतर जास्त दिसू शकतं. रंगपेशीचा आणि कानाचा काय संबंध, असं वाटेल. आतल्या कानाच्या शंखातही रंगपेशी असतात आणि ऐकण्याच्या कामात त्यांचा वाटा असतो. त्या तिथं पोहोचल्या नाहीत तर कान बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आवाज मेंदूपर्यंत जात नाही.

याचा एक प्रकार तर आपल्या मुंबईतूनच जगासमोर आला. १९८१ साली बालरोगतज्ज्ञ कृष्णकुमार शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ बाळांची माहिती छापली. कपाळावर पांढरी बट, आणि आतड्याच्या लांब भागात मज्जापेशीच, म्हणजे नसांच्या पेशीच, नाहीत, त्यामुळं शी पुढं सरकत नाही. आज पुस्तकात तो प्रकार वार्डनबर्ग-शहा या नावानं आहे. बट आणि आतडं यांची गाठ काय, याचं उत्तर पुन्हा माशानंच नेमकं दाखवलं. 'कलरलेस' नावाच्या झेब्राफिशमध्ये रंगपेशीही नाहीत, आतड्याच्या मज्जापेशीही नाहीत, आणि कानाची घडणही बिघडलेली. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात रॉबर्ट केल्श यांच्या गटानं हा मासा वर्षानुवर्षं अभ्यासला. २००१ मध्ये त्यातलं जनुक सापडलं, 'सॉक्स१०'. माणसात शहांच्या प्रकारामागच्या जनुकांत तेही आहे. रंग, आतडं आणि कानाच्या या पेशी एकाच पाठीच्या रेषेवरून निघालेली भावंडं. घरातून निघतानाच अडचण आली तर तिन्ही मुक्कामांवर ती जाणवते.

घाबरवत नाही. तुमचं बाळ पाच महिन्यांचं आहे, गुटगुटीत आहे, शीचा त्रास असता तर तो आतापर्यंत तुम्हाला छळून गेला असता. तुमच्या चार पिढ्यांत बहिरेपण असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. पण टाळी वाजवली की बाळ वळतं, यावर समाधान मानू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात बाळांची कानाची तपासणी होते, बाळ झोपलेलं असताना, सुई न टोचता. ती याच महिन्यात करून घ्या. कान ठीक निघाले की निम्मी काळजी तिथंच संपली. कमी ऐकू येत असेल तर लवकर कळलेलं बरं, कारण बोलणं शिकायचं वय हेच.

औषधाचं विचारलंत. माशांच्या पाण्यात वेगवेगळी रसायनं घालून रंगपेशींवर काय परिणाम होतो ते तपासतात, हे खरं. पण नातवाच्या कपाळावर जागं करायला पेशीच नाहीत. कोडावर यंत्रातला प्रकाश दिला की केसांच्या मुळाशी लपलेल्या पेशी बाहेर येतात, डागात आधी ठिपके उठतात आणि मग डाग भरत जातो. पांढऱ्या बटेखाली केसांच्या मुळातच त्या नाहीत, म्हणून प्रकाशाचा उपयोग होत नाही, मलमाचाही नाही. उपयोग होतो तो रोपणाचा : त्याच्याच अंगावरच्या रंगीत कातडीतल्या पेशी काढून डागावर लावायच्या. डाग स्थिर असल्यामुळं हे रोपण बऱ्यापैकी टिकतं. पण ते मोठेपणी, त्याला स्वतःला वाटलं तर. आत्ता फक्त टोपी आणि अंगभर सुती कपडे. उन्हाचं मलम सहा महिन्यांनंतर, डॉक्टरांना विचारून.

झेब्राफिशला आपल्यासारखं कोड होत नाही, हेही मुलाला सांगा. वर्तमानपत्रात मासा आणि कोड एका मथळ्यात आलं की लोकांना वाटतं औषध निघालं. कोडाचा वारसा असा सरळ चालतही नाही. एकसारख्या जुळ्यांत एकाला कोड असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण एका मोठ्या पाहणीत २३ टक्केच निघालं, जनुकं तीच असून. तुमच्या घरातला बदल मात्र सरळ वाटेचा आहे : ज्याच्याकडे तो आहे, त्याच्या प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखी, आणि प्रत्येक वेळी नव्यानं.

"नशिबानं गोरंही आहे" या तुमच्या वाक्यावर लिहू नये असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. गोरेपणाचं एक मोठं जनुकही याच माशात सापडलं, २००५ साली, अमेरिकेत कीथ चेंग यांच्या प्रयोगशाळेत. 'गोल्डन' नावाचा फिकट रेघांचा मासा होता. त्यात माणसाचं तेच जनुक उतरवलं तर रंग गडद झाला. युरोपातल्या जवळपास सर्व लोकांत त्या जनुकातल्या एका ठिकाणचा एक घटक बदललेला असतो, आपल्याकडे काहींत असतो, काहींत नसतो. ज्याला आपण नशीब म्हणून पेढे वाटतो आणि ज्याला खोट म्हणून बावची फासतो, ते दोन्ही एकाच जातीच्या बारीकशा बदलांतून येतं.

सुनेशी तुम्हीच बोला. मुलाला मध्ये घालू नका. तो आई आणि बायको यांच्यामधून माशांच्या प्रयोगांत पळून गेलाय, हे मला पत्रातून दिसतंच आहे. फार काही बोलावं लागणार नाही. "बट आमच्याकडून आली" एवढं एक वाक्य तिच्यासमोर आणि तिच्या आईला फोनवर. तपासणीला जाताना बाळाला तिलाच घेऊ दे, आणि मुलाला शर्ट वर करून पोट दाखवायला सांगा. डॉक्टर आधी तेच बघतील.

जावळ खुशाल काढा. नवे केस काळे येणार नाहीत, बट पांढरीच येईल. ती मुळातून पांढरी आहे, वस्तऱ्याला ते कळत नाही. फक्त काढण्याआधी बाळाचा एक चांगला फोटो घ्या, आणि सासऱ्यांचा भिंतीवरचा फोटो पुसून त्याच्या शेजारी ठेवा.